गुरुजींच्या कॉम्प्युटरमधली लाल खूण

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठल्या घरफोडीत काय सापडलं, कुठल्या खुनात पंच कोण होता, हे आठवायला डोकं खाजवावं लागतं. ही एक मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढं उभी राहते. यात खून नाही, दरोडा नाही. चोरीला गेली ती कॉम्प्युटरमधली दोन पानं. तरीही उभ्या नोकरीत मी एखाद्या माणसापुढं थक्क होऊन उभा राहिलो असेन, तर तो इथंच.

साल दोन हजार आठ. गोंदिया तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. मूळचा बुलढाण्याकडचा, भाकरीवर वाढलेला. इथं येऊन दोन्ही वेळा भातावर आलो होतो. कॉम्प्युटरशी माझा संबंध म्हणाल तर ठाण्यात एक आला होता. तो प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकलेला असे आणि आमचे हवालदार त्याच्या डोक्यावर स्टेशन डायरी ठेवत. त्याहून जास्त उपयोग मलाही ठाऊक नव्हता.

तुळशीची लग्नं होऊन गेली होती. धानाची मळणी सोडून एक शेतकरी सकाळीच ठाण्यात आला आणि खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर आपटला. त्याच्या मुलीचं लग्न सडक अर्जुनीकडच्या एका घरी ठरलं होतं, तीन आठवड्यांवर आलं होतं. मुलाच्या बापाला हे निनावी पत्र टपालानं मिळालं होतं. मजकूर छापील होता: ‘गुरुजींच्या कॉम्प्युटरात या मुलीच्या नावापुढं लाल खूण आहे. खूण उगाच होत नाही. चौकशी करा, मगच सून घरात आणा.’

मुलाच्या बापानं निरोप पाठवला होता, आठ दिवसांत उलगडा करा, नाहीतर आमचा राम राम समजा.

“लाल खूण करणारा हा कोण, साहेब?” शेतकऱ्यानं विचारलं. “माह्या पोरीनं काय पाप केलं? मले गुरुजीवर रिपोर्ट द्यायची हाय.”

या गुरुजींबद्दल सांगायला हवं. दवनीवाड्याच्या अलीकडच्या एका गावातले निवृत्त मुख्याध्यापक, सत्तरीला टेकलेले. त्यांच्या समाजात सोयरीक जमवायची तर पहिली फेरी गुरुजींच्या ओसरीवर व्हायची. आधी ते मुलामुलींची माहिती वह्यांत लिहीत. नजर अधू झाली तेव्हा मुलानं कॉम्प्युटर आणून दिला, अक्षरं मोठी दिसतात म्हणून. सहासष्टाव्या वर्षी म्हातारा एका बोटानं टाइप करायला शिकला आणि सगळ्या वह्या मशीनमध्ये चढवल्या. पानसुपारीपलीकडं कुणाकडून काही घेतलेलं ऐकिवात नव्हतं.

तक्रार अर्ज घेतला, डायरीला नोंद केली आणि हवालदाराला घेऊन गुरुजींच्या घरी गेलो. हवालदार त्याच भागातला, त्याच समाजातला. वाटेत त्याला गुरुजींबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, “म्हातारा वाकडा हाय, साहेब. माह्या पोरीचंही एक स्थळ त्यानं मोडलं. कूळ जुळत नाही म्हणे.”

गुरुजींनी पत्र वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. आरोप झालेला माणूस आधी नाकारतो किंवा चिडतो. हे दोन्ही झालं नाही. त्यांनी विचारलं, “एकच नाव बाहेर गेलं, का सारी यादी?”

हा प्रश्न माझ्या डोक्यात रुतला. स्वतःची काळजी असलेला माणूस असा प्रश्न विचारत नाही.

“म्हणजे लाल खूण आहे?”

“आहे जी. मीच केली.”

“अर्थ काय तिचा?”

“ते नाही सांगू शकत.”

मी आवाज चढवला. एका पोरीचं लग्न मोडायला आलंय, बाप ठाण्यात बसलाय, आणि तुम्ही मौनव्रत धरता? वयाचा मान राखून बोलतोय, पण अर्ज तुमच्यावरच आहे. बरंच बोललो. मी भले भले बोलते केले आहेत. म्हातारा शेवटी एवढंच म्हणाला, “साहेब, लॉकअपात टाकायचं तर टाका. ते माहं नाही, लोकायचं ठेवणं आहे.”

मग मी दुसऱ्या बाजूनं शिरलो. हे बाहेर गेलं कसं? इथं मात्र गुरुजी भराभर बोलले. मशीनला फोनची तार जोडलेली नव्हती, म्हणजे इंटरनेट नव्हतं. पासवर्ड ते दर पुनवेला बदलत. तो बायकोलाही ठाऊक नव्हता. यादीची फाईल ‘जुने हजेरीपट’ नावाच्या कप्प्यात ठेवलेली, कारण निवृत्त मास्तरचे जुने हजेरीपट कोण उघडून बघणार? मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर कौतुकही वाटलं. आमच्याकडं जप्त माल ठेवतात त्या मालखान्याची किल्ली खिळ्याला टांगलेली असायची.

गोंदियाला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, पंचविशीच्या. त्यांना विनंती करून बोलावलं. स्कूटीवर आल्या, ओढणी खोचली आणि मशीनपुढं बसल्या. अर्धा तास नुसती बोटं चालत होती. मी आणि हवालदार मागं उभे, जत्रेत खेळ बघणाऱ्यांसारखे.

“सर, ये देखिए,” त्या म्हणाल्या. “यहाँ किसी ने पेन ड्राइव लगाई है. दशहरे के दिन, शाम को छह बजके चालीस मिनट पे. पहली बार लगी, और उसके बाद कभी नहीं.”

“हे मशीननं लिहून ठेवलं? आपणहून?”

“हाँ सर. उस पेन ड्राइव का नंबर भी है.”

माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करायला लाज नाही. साक्षीदार फिरतात, पंच फितूर होतात, वेळ विचारली की लोक ‘दिवेलागणीला’ म्हणतात. आणि हा पत्र्याचा डबा, कुणी न सांगता, मिनिटासकट नोंद करून गप्प बसला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन काकूंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नींना, विचारलं, दसऱ्याला लाईन किती वाजता आली होती? तेव्हा भारनियमन चालू होतं. “सहाले आली,” त्या म्हणाल्या. घड्याळ जुळलं.

“पण पासवर्ड?” मी गुरुजींकडं वळलो.

“दसऱ्याले पासवर्ड काढला होता, साहेब. एक दिवसापुरता.”

“का?”

“पूजा होती ना जी. आमच्याकडं नांगर, वखर, विळे सारे धुऊन मांडतो. हे माहं अवजार. अवजाराले कुलूप घालून हळदकुंकू कसं लावू? सकाळी एका पोराचं नाव चढवलं, मंग पासवर्ड काढला, फुलं वाहिली, अन् चालूच ठेवलं. लाईन गेली, आली, पुन्हा चालू केलं. देवापुढं बंद कसं ठेवू?”

संध्याकाळी गुरुजी सोनं आणायला शिवेवर गेले. घरात काकू, दार सताड उघडं, आणि आपट्याची पानं घेऊन पाया पडायला येणाऱ्यांची रीघ. जो आला तो चालू मशीनपुढं एकटा दोन मिनिटं बसू शकत होता. हजेरीपटाचा कप्पाही कामाला आला नाही. मॅडमनी दाखवलं की शेवटी उघडलेल्या फायलींची नावं मशीन स्वतःच एका ठिकाणी मांडून ठेवतं. सकाळी उघडलेली यादी त्यात सगळ्यात वर होती.

मला गुरुजींना बोल लावता आला नाही. आमच्या ठाण्यातही दसऱ्याला रायफली बाहेर काढून, झेंडूची माळ घालून पूजा होते. फरक एवढाच, की काडतुसं आत कुलपात राहतात आणि बाजूला पहाऱ्याचा शिपाई उभा असतो. गुरुजींनी काडतुसांसकट पूजा मांडली होती.

काकूंना विचारलं, गुरुजी नसताना कोण कोण आलं? “अख्खं गाव आलं,” त्या म्हणाल्या. “दसऱ्याले कोणी मोजते का?”

तेव्हा मी पुन्हा पत्राकडं वळलो. मजकूर वाचण्याच्या नादात कागद कुणी पाहिलाच नव्हता. जाड, गुळगुळीत, आणि बोटाला सोनेरी भुकटी लागत होती. हवालदारानं बोट नाकाशी धरलं आणि म्हणाला, “लग्नपत्रिकेचा कागद हाय, साहेब.” बाजाराच्या गावात पत्रिका छापणारं एकच दुकान होतं. मालक तिशीचा, याच समाजातला, बाप दोन वर्षांपूर्वी वारलेला, घरी लग्नाची बहीण. दसऱ्याला गुरुजींच्या घरी सोनं द्यायला आला होता का, असं नाव घेऊन विचारताच काकू म्हणाल्या, “हो, आला होता. बसला बी होता उलीसा, दोन मिनिटं.”

त्याला ठाण्यात आणला. दीड तास त्याचं एकच पालुपद: मले काही ठाऊक नाही. मी त्याच्यावर हात उगारला नाही. चहा दिला, समोर बसवला आणि मॅडमना बोलावलं. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला त्याचा पेन ड्राइव्ह पंचांसमक्ष जप्त केला. ठाण्यातल्या त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरवरचं आवरण मी स्वतःच्या हातानं काढलं. मॅडमनी पेन ड्राइव्ह लावला, नंबर वाचला. मी गुरुजींच्या मशीनवरून उतरवलेला नंबर वाचला. आकड्याला आकडा जुळत गेला तसतसा त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटच्या आकड्याला तो रडायलाच लागला.

“माह्या बहिणीच्या नावासमोर लाल खूण हाय, साहेब! तीन स्थळं परतवले ह्या म्हाताऱ्यानं. कायले, तर कूळ जुळत नाही. त्या दिवशी मशीन चालू दिसली, म्हटलं पाहू तरी काय लिहून ठेवलं. घरात बसून पोरीची बदनामी करून राहिला होता!”

“मग दुसऱ्याच्या पोरीचं लग्न काऊन मोडतोस?”

“तिची पत्रिका माह्याच दुकानात छपाईले आली. तिलेही लाल खूण हाय. तरी तिचं जमवलं त्यानं. डोकं फिरलं माहं.”

यादी कुणाला दाखवलीस? कुणालाच नाही, बहिणीचं नाव होतं ना त्यात. हे मात्र खरं वाटलं आणि पुढं खरंच निघालं.

मॅडमनी पेन ड्राइव्हमधल्या यादीची छापील प्रत काढून दिली आणि कागद उलटा ठेवून त्या बाहेर जाऊन बसल्या. त्यांनी एक नावही वाचलं नाही. दार लावून मी पाहू लागलो. मुलंमुली मिळून दोन पानं नावं. काहींपुढं लाल ठिपका. आणि माझ्या लक्षात आलं की मुलांच्या नावांपुढंही ठिपके आहेत, मुलींइतकेच. चारित्र्याची खूण असती, तर आपल्या समाजात ती मुलांच्या नावापुढं कोण करतो?

मागं हवालदार मुद्देमालावर मोहोर करायला लाख वितळवत उभा होता. लाखेचा थेंब टेबलावर पडला तेव्हा मी वर पाहिलं. तो माझ्या खांद्यावरून यादी वाचत होता.

“हे माही पोरगी हाय, साहेब,” त्यानं बोट ठेवलं. नावापुढं लाल ठिपका. माझ्या मनात आलं, आता हा गुरुजींच्या घरावर दगड घेऊन जातो. पण त्याचं बोट सरकत सरकत खाली गेलं आणि एका मुलाच्या नावावर थांबलं. “अन् हा तो पोरगा. ज्याचं स्थळ मोडलं.” त्याच्यापुढंही लाल ठिपका होता.

हवालदार खुर्ची ओढून बसला. माझ्यासमोर तो कधी बसत नसे.

“माह्या पोरीले सिकलसेल हाय, साहेब. म्हंजे आजार नाही, वाहक हाय. शाळेत रक्त तपासलं तेव्हा निघालं. डाक्टर म्हणे तिले काही त्रास नाही. तो कागद मी फक्त गुरुजीले दाखवला होता. ते रक्तगटासाठी साऱ्यांचेच कागद पाहतेत.”

गोंदियाच्या त्या भागात सिकलसेल, हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, घराघरांत ऐकू येतो. वाहक माणूस धडधाकट जगतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला चारात एक वेळ खरा आजार होण्याची भीती असते. मग आयुष्यभर दुखणं, रक्त चढवणं, दवाखाने. हे मला माहीत होतं. यादीशी त्याचा संबंध मात्र त्या क्षणापर्यंत कळला नव्हता.

आम्ही दोघांनी यादी पुन्हा वाचायला घेतली, या वेळी हळू. गुरुजींनी जमवलेल्या जोड्यांपुढं लग्नाची तिथी लिहिली होती. लाल मुलगी, तर मुलगा बिनखुणेचा. लाल मुलगा, तर मुलगी बिनखुणेची. दोन लाल एकत्र आलेली जोडी शोधत आम्ही दुसऱ्या पानाच्या तळाशी पोचलो. एकही नव्हती. ‘कूळ जुळत नाही’ म्हणून परतवलेल्या स्थळांची टिपणं शेवटी होती. त्या प्रत्येकात दोन्हीकडं लाल ठिपका.

किती वर्षं हा माणूस हे एकट्यानं करत होता! लोकांच्या शिव्या खात, वाकडा म्हणवून घेत, कुळाचं खोटं कारण पुढं करत. हवालदार डोळे पुसत म्हणाला, “मी भर बाजारात म्हाताऱ्याले नाही नाही ते बोललो होतो, साहेब.”

त्याच दुपारी गुरुजींकडं गेलो. ओसरीवर चढताना टोपी काढली. का काढली ते सांगता येणार नाही, हात आपोआप गेला.

“अर्थ कळला, गुरुजी.”

ते दचकले. “कोणाले सांगतलं?”

“कुणालाच नाही. पण लोकांना तुम्हीच का सांगत नाही? शिव्या तरी वाचतील.”

“सांगतलं, तर खूण कागदावरून उठून पोरीच्या कपाळावर जाते, साहेब. पोराले कोणी नाही विचारत. पोरगी जन्मभर बापाघरी बसते. त्यापरीस मले शिव्या भेटलेल्या बऱ्या.”

“पण हिचं लग्न आता मोडतंय.”

“तिलेच बोलवा. तिचं आहे, ते तिच्यापाशी बोलतो.”

मुलगी आईबरोबर आली. डी.एड. करत होती. गुरुजींनी तिला आतल्या खोलीत पाचच मिनिटं काय ते सांगितलं. बाहेर आली ती सरळ माझ्यासमोर. “साहेब, माह्या रक्ताचा रिपोर्ट मले आधीच ठाऊक आहे. एवढ्यासाठी माहा बाप ठाण्यात बसला? मी स्वतः जाऊन त्यांच्या घरी सांगते. फक्त माहं सांगीन. यादीत आणखी कोण आहे ते मी विचारत नाही, अन् त्यांनीही विचारू नये.”

आणि ती गेली. आईबापाला घेऊन सडक अर्जुनीकडं गेली, होणाऱ्या सासऱ्यासमोर बसली आणि रिपोर्ट पुढं ठेवला. मुलाचाही रिपोर्ट मागितला. तो स्वच्छ होता, हे गुरुजींना आधीच ठाऊक होतं. मी तिथं नव्हतो. तिच्या बापानं नंतर सांगितलं. सासऱ्यानं म्हणे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले आणि म्हणाला, पत्रिका वाटायला घ्या.

पत्रिकावाल्याला गुरुजींनी स्वतः भेटायचं ठरवलं. आधी त्याच्या बहिणीला विचारलं, तिनं हो म्हटल्यावरच ठाण्यात आले. सगळं ऐकून तो ओरडलाच, “मंग मले काऊन नाही सांगतलं, गुरुजी?”

“तुह्या बापाले ठाऊक होतं, बाबू. अन् तुह्या बहिणीलेही. तिनंच म्हटलं, दादाले नका सांगू, त्याच्या जिवाले घोर लागंल.”

तो गुरुजींच्या पायांवर कोसळला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पोलिसाला कधी कधी खिडकी फार उपयोगी पडते.

राहिला प्रश्न गुन्ह्याचा. दुसऱ्याच्या मशीनमधून माहिती चोरणं हा गुन्हाच आहे. पण गुन्हा नोंदवला की यादी मुद्देमाल म्हणून कोर्टात जाणार, तिच्या नकला निघणार. गुरुजी फिर्याद द्यायला तयार नव्हते. मुलीच्या बापानं अर्ज मागं घेतला. दोन दिवस मी कायदा आणि यादी समोर ठेवून बसलो. शेवटी वरिष्ठांना तोंडी सगळं सांगितलं, त्यांच्या संमतीनं पत्रिकावाल्याचा लेखी माफीनामा घेतला, मॅडमकडून दुकानातल्या मशीनवरची आणि पेन ड्राइव्हमधली प्रत पुसून घेतली आणि कागदाची दोन पानं गुरुजींच्या चुलीत गेली. साहेबांनी प्रकरण दाबलं, असं कुणी म्हणेल. खुशाल म्हणावं.

मॅडमनी गुरुजींना यादीच्या फाईलला वेगळा पासवर्ड लावून दिला, शेवटच्या फायलींची नावं दिसणं बंद करून दिलं आणि यादीची प्रत उतरवलेली एक सीडी कपाटात ठेवायला दिली. पुढच्या दसऱ्याला पूजा फक्त कीबोर्डची होईल, असं गुरुजींनी त्यांना वचन दिलं.

लग्नाला मला आमंत्रण होतं. पंगतीत शेजारी एक तगडा शेतकरी बसला होता. दोन पानं पलीकडं गुरुजी वरणभात कालवत होते. तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, “काय जी साहेब, त्या म्हाताऱ्याले आत नाही टाकलं? माह्या पोराचं सोन्यासारखं स्थळ मोडलं त्यानं.” त्याच्या पोराचं नाव मी यादीत वाचलं होतं. जिभेच्या टोकावर शब्द आले होते. गुरुजींनी मान वर करून माझ्याकडं एकदाच पाहिलं. मी म्हणालो, “म्हातारा माणूस आहे, जाऊ द्या,” आणि भात मागून घेतला. तेवढं एक वाक्य गिळणं मला जड गेलं. गुरुजी मात्र वर्षानुवर्षं तेच गिळत आले होते.

मी स्ट्राँगरूमवर पहारे दिले, कचारगडच्या यात्रेत लाखोंचा बंदोबस्त केला. राखण म्हणजे कुलूप, बंदूक आणि जागता शिपाई, एवढंच मला शिकवलं होतं. लोकांनी विश्वासानं दिलेली गोष्ट राखायची तर स्वतःचं चांगलं नाव पणाला लावावं लागतं, आणि ते परत मिळेल अशी आशाही ठेवायची नसते, हे मला त्या म्हाताऱ्यानं शिकवलं. पासवर्ड जरूर ठेवा, दसऱ्यालाही काढू नका. पण दुसऱ्याचं गुपित आपल्या मशीनमध्ये चढवण्याआधी एवढी ताकद आपल्यात आहे का, ते एकदा स्वतःला विचारा.

काही वर्षांनी गुरुजी गेले. मी तेव्हा बदलून दुसरीकडं होतो, निरोप मिळताच निघालो. मयताला माणसं बेताचीच होती. ज्यांची स्थळं मोडली ते बहुतेक आले नव्हते. आपण कशातून वाचलो हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं. मी खांदा दिला. माझ्या पुढं तोच हवालदार होता, आता निवृत्त झालेला. नदीकडं उतरताना मागं न वळता तो एवढंच बोलला, “माह्या पोरीचे दोन्ही लेकरं धडधाकट हायेत, साहेब.”